फुलोरा भरपूर, शेंगा मोजक्याच

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत पेणच्या एका ताईंनी विचारलं, "खत घातलं, पाणी घातलं, वाल फुललासुद्धा. मग शेंगा का धरल्या नाहीत?" ताईंची परसबाग गणपतीच्या कारखान्यामागे आहे. रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथेच जातं.

शेंगा न धरण्याची कारणं बरीच. कीड असते, खारं पाणी असतं. पण एक कारण आपण बघतच नाही, ते म्हणजे मातीतले जड धातू: शिसं, कॅडमियम, क्रोमियम. जुन्या पिवळ्या-नारिंगी तैलरंगांत शिसं आणि क्रोमियम असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. पण आधी मातीत गेलेलं शिसं कुजत नाही, तिथेच राहतं.

झाडाला पहिला फटका मुळाला बसतो. टोकं आखडतात, तपकिरी पडतात, बारीक मुळं फुटत नाहीत. मग लोह नीट उचललं जात नाही, शिरांच्या मधलं पान पिवळं पडतं. फुलात पराग कमी तयार होतात, त्यातले बरेच निर्जीव. मधमाशी आली तरी फळधारणा होत नाही, फूल गळतं. भाताला फुटवे कमी येतात, लोंबीत पोचट दाणे वाढतात. अशा झाडाचं बियाणं धरू नका, ते नीट उगवत नाही.

खरी भीती वेगळीच. थोडं कॅडमियम असेल तर भात छान दिसतो आणि धातू दाण्यात उतरतो. जपानमध्ये तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत गेलं. तो भात खाऊन हाडं इतकी ठिसूळ झाली की आजाराचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. रुग्णांत बहुतेक बायकाच, त्याही बऱ्याच बाळंतपणं झालेल्या. प्रदूषणाचा हा आजार तिथल्या सरकारने 1968 मध्ये मान्य केला. शिजवून किंवा धुऊन दाण्यातला धातू जात नाही.

रोह्याच्या ताईंनो, डोलवहाल बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्याचं पाणी धाटाव एमआयडीसीच्या वरचं आहे. धाटावच्या खाली कुंडलिकेला पंप लावून भाजी करत असाल, तर पाणी आणि माती तपासून घ्या. प्रत्येक शेतात धातू आहेच असं नाही, पण डोळ्यांना ते दिसत नाहीत. आणि मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्यात 12 गोष्टी तपासतात, त्यात शिसं-कॅडमियम नाही. ती तपासणी वेगळी मागावी लागते. किल्ला-रोहा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. खर्च एकटीला जड जातो, ग्रामसंघातून मिळून करा.

तोवर संशयाच्या जागेत माठ, पालक, मुळा नको. पालेभाजी धातू जास्त ओढते. दुधी-शिराळी त्यामानाने बरी, झेंडू सगळ्यात बरा. आपली कोकणची माती आंबट, आणि आंबट मातीत धातू लवकर विरघळतात. म्हणून शेणखत घाला, चुना मात्र माती तपासूनच. ब्रशचं पाणी ड्रममध्ये निवू द्या, खालचा गाळ खतखड्ड्यात टाकू नका.

घरी एवढं करून बघा. एका कुंडीत परसातली माती, दुसरीत लांबच्या शेतातली चांगली माती. दोन्हींत वालाचे 20-20 दाणे, पाणी सारखंच. दहा दिवसांनी किती उगवले ते मोजा, एकेक रोप उपटून मुळं शेजारी ठेवा. फरक दिसला तर कारण यातून कळणार नाही, पण मातीत काहीतरी आहे हे कळेल. ती रोपं पुढच्या बैठकीला घेऊन या.