मोटारींतील गारवा कोठें जातो?

वैशाखाच्या उन्हांत मोटारींतील हवा गार होईनाशी झाली, कीं बहुतेक घरांतून एकच निदान ऐकूं येतें: गॅस संपला, भरून आणला पाहिजे. या निदानांत मूळचीच एक चूक आहे. पेट्रोल जळून संपतें; हा गॅस जळत नाहीं. बंद नळ्यांतून तोच तो गॅस वर्षानुवर्षें फिरत राहतो. रबरी नळ्यांतून थोडासा झिरपतो, तो सोडल्यास त्याचा खर्च नाहीं. तेव्हां तो बराच कमी झाला असेल, तर कोठून तरी गळून गेला आहे, हें उघड आहे.

हातावर स्पिरिट टाकलें असतां हात गार पडतो. कारण द्रवाची वाफ होतांना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. मोटारींतील यंत्र याच नियमावर चालतें. बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या पट्ट्यानें फिरणारा काँप्रेसर वायूला दाबतो. त्यामुळें तापलेला वायू रेडिएटरच्या पुढें असलेल्या कंडेन्सरमध्यें निवून द्रवरूप होतो. व्हाल्व्हच्या सूक्ष्म छिद्रांतून जातांना त्याचा दाब उतरतो, आणि डॅशबोर्डच्या मागील कूलिंग कॉइलमध्यें त्याची पुन्हां वाफ होऊं लागते. ही वाफ गाडींतील हवेची उष्णता आपल्याबरोबर नेते.

घरच्या घरीं तपासण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. वारा जोरानें येत नसेल, तर बहुधा केबिन फिल्टर धुळीनें तुंबलेला असतो. तो बदलणें सोपें काम आहे. कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत चिखल व किडे अडकले असतील, तर इंजिन थंड असतांना हलक्या धारेनें ते धुवावे. जोराच्या फवाऱ्यानें पत्रे वांकतात. गाडी धांवतांना हवा गार आणि सिग्नलपाशीं उभी राहतांच कोमट येत असेल, तर कंडेन्सरचा पंखा फिरतो कीं नाहीं, हें पाहावें. काँप्रेसर सुरूच होत नसेल, तर फ्यूज तपासावा. नळ्यांच्या सांध्यांपाशीं तेलकट धूळ सांचली असेल, तर तेथें गळतीचा संशय घ्यावा. कारण गॅसबरोबर काँप्रेसरचें तेलहि फिरत असतें.

गळती न शोधतां गॅस भरणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. खरा क्रम असा: प्रथम उरलेला गॅस यंत्रानें काढून घ्यावा व गळका भाग बदलावा. मग व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवावा. ३० अंश सेल्सिअस उष्णतेंत पाणी एरवीं उकळत नाहीं. पण दाब पाऱ्याच्या सुमारें ३२ मिलिमीटरखालीं उतरला, म्हणजे तें उकळून वाफेच्या रूपानें बाहेर पडतें. हा ओलावा आंत राहिला, तर व्हाल्व्हपाशीं त्याचें बर्फ होतें, व कालांतरानें आम्ल तयार होऊन धातु पोखरला जातो. पंप थांबविल्यावर मापकाचा कांटा स्थिर राहिला, तरच गॅस भरावा, आणि तोहि वजन करून. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर गॅसचें नांव व ग्रॅमांत वजन दिलेलें असतें. तें ओलांडल्यास गारवा उलट कमी होतो व काँप्रेसरवर ताण पडतो.

पंप, मापकांचा संच, तराजू आणि ज्ञान हीं चारहि जवळ असतील, त्यानेंच हें काम घरीं करावें. आर-१३४ए हा द्रव उणें २६ अंशांवर उकळतो. डोळ्यांत उडाल्यास कायमची इजा होऊं शकते. चष्मा व हातमोजे वापरावे. गॅसचा डबा नेहमीं कमी दाबाच्या बाजूसच जोडावा. चालू इंजिनावर दुसऱ्या बाजूस जोडल्यास तो फुटण्याचें भय असतें.

हा गॅस हवेंत सोडून देणें हेंहि निर्धोक नाहीं. जुन्या गाड्यांतील आर-१२ ओझोनच्या थराचा नाश करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराअन्वयें तो टप्प्याटप्प्यानें बंद झाला. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाहीं. पण १०० वर्षांच्या हिशेबानें त्याचा १ किलो सुमारें १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडून धरतो.

म्हणून गाडी मेकॅनिककडे दिली, तरी मालकानें तीन प्रश्न अवश्य विचारावे: गळती कोठें होती, पंप किती वेळ चालला, आणि गॅस किती ग्रॅम भरला? यांचीं उत्तरें मिळाल्यावांचून दिलेले पैसे पुढच्या उन्हाळ्यांत पुन्हां द्यावे लागण्याचा संभव फार.