पाचशे चेंडूंचा माणूस

चिकलठाणा एमआयडीसीत, गरवारे मैदानावर, वीस षटकांच्या सामन्यात एखाद्यानं सलग तीन चेंडू नुसते अडवले की बाहेरून ओरडा सुरू होतो. तिथं सांगून पाहा, की आपल्याच जिल्ह्यातल्या अंकित बावणेनं एका डावात पाचशे चेंडू खेळले. ‘झोपला होता का?’ असं कुणीतरी विचारणारच.

ऑक्टोबर 2016, वानखेडे, समोर दिल्ली. महाराष्ट्र 2 बाद 41 असताना बावणे आणि कर्णधार स्वप्निल गुगळे एकत्र आले आणि बाद झालेच नाहीत. गुगळे नाबाद 351, बावणे 500 चेंडूंत नाबाद 258, भागीदारी 594. विजय हजारे आणि गुल महंमद यांचा 577 धावांचा रणजीतला विक्रम 1947पासून उभा होता, तो मोडला. संगकारा-जयवर्धनेच्या 624च्या विश्वविक्रमाला 30 धावा कमी असताना 2 बाद 635वर डाव घोषित झाला. आणखी दहा षटकं खेळू दिली असती तर काय बिघडणार होतं? सामना तसाही अनिर्णितच राहिला.

त्याच सामन्यात दिल्लीच्या ऋषभ पंतनं 326 चेंडूंत 308 धावा ठोकल्या. साडेतीन महिन्यांत तो भारताकडून टी-20 खेळला. 2017च्या आयपीएलमध्ये दोघं दिल्लीच्याच संघात होते. बावणेला संधी मिळाली ती नावापुरती. निवड समितीच्या डोळ्यांत तेव्हा वेग भरला होता आणि हा गडी सावकाश डाव बांधणारा.

नशिबानंही साथ दिली नाही. 2011मध्ये विशाखापट्टणमच्या चौरंगी स्पर्धेसाठी त्याला 19 वर्षांखालील भारतीय संघाचं कर्णधारपद मिळालं होतं. पण जन्मतारखेच्या नोंदी जुळल्या नाहीत आणि कर्णधारपद उन्मुक्त चंदकडे गेलं. पुढच्या वर्षी उन्मुक्तनं विश्वचषक जिंकून आणला. गंमत अशी, की भारताच्या मुख्य संघात तोही कधी आला नाही. अखेर अमेरिकेत जाऊन तो मायनर लीग क्रिकेट खेळला! बेसबॉलमधून उचललेलं हे नाव: मोठ्या लीगच्या दारात उभं राहून वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांची दुनिया. आपल्याकडे ती दुनिया म्हणजे रणजी.

त्या दुनियेत बावणेचं नाणं खणखणीत. 2007-08च्या हंगामात पदार्पण, पुढे वीसहून अधिक प्रथमश्रेणी शतकं. 1940-41नंतर महाराष्ट्रानं रणजी जिंकलेली नाही. 2014च्या अंतिम सामन्यात हैदराबादला कर्नाटकविरुद्ध त्यानं 89 आणि 61 धावा केल्या, तरी संघ हरला. 2022च्या विजय हजारे करंडकात आसामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याच्या 110 धावा होत्या. त्या दिवशी ऋतुराज गायकवाडनं 168 केल्या, मग बावणेकडे कोण बघतं?

नोव्हेंबर 2024मध्ये सेनादलाविरुद्ध महाराष्ट्राचं नेतृत्व तोच करत होता. तो फलंदाजी करत असताना स्लिपमध्ये त्याचा झेल घेतल्याचं अपील झालं. रिप्लेत चेंडू क्षेत्ररक्षकाच्या पुढ्यात टप्पा पडून गेलेला दिसतो. पंचांनी बाद दिलं आणि दाद मागायला डीआरएस नव्हतं. बावणे खेळपट्टीवरून हलेना. पंधरा मिनिटं खेळ थांबला. क्रिकेट मंडळानं एका सामन्याची बंदी घातली. जानेवारीत नाशिकला बडोद्याविरुद्ध तो संघाबाहेर होता. नियमानं बंदी बरोबरच. पण पाचशे चेंडू विकेट सांभाळणारा माणूस ती फुकट सोडायला तयार झाला नाही, याचं मला तरी नवल वाटलं नाही.