बंदुकीची माशी पाहून घ्या

मेळघाटापासून अकोल्याच्या नरनाळ्यापर्यंत जंगलराखणीला निघणाऱ्याची गाठ जनावराशी पडते ती बहुधा तिन्हीसांजेला, दाट झाडीत, अगदी जवळून. छऱ्याच्या बंदुकीला नळीच्या टोकाची एक माशी पुरते, कारण छरे पसरतात. एकेरी गोळी भरायची तर मागची खाचही हवी. डोळा जरा वर राहिला की गोळी वर जाते. काळी माशी अंधारात हरवते, म्हणून पांढरी किंवा पितळी घ्यावी. आम्ही कापडवाले रंग उन्हात दाखवतो. माशी मात्र दिवस मावळताना पारखावी.

आपल्या लेथवाल्या, झाळकामवाल्या भावांना एक सांगणे आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो. ओळखीचा माणूस माशी बसवायला बंदूक घेऊन आला, तर हात लावू नका. परवानावाल्या कारागिराकडे पाठवा, गिऱ्हाईक रुसले तरी चालेल.