अल्प खर्चातील हौशी रेडिओ

हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ, म्हणजे शासनाचा परवाना घेऊन, आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता, स्वशिक्षण, तांत्रिक प्रयोग आणि परस्परसंपर्क यांसाठी केलेले बिनतारी संदेशवहन होय. हा छंद केवळ धनिकांना परवडणारा आहे, असा समज भारतात दीर्घकाळ रूढ आहे. परदेशी बनावटीचे शंभर वॅटचे यंत्र आणि मनोऱ्यावरील फिरती अँटेना पाहिली, तर तो समज खोटाही वाटत नाही. तथापि भारतातील अनेक हौशी प्रक्षेपकांनी आरंभ केला तो स्वतः जोडलेल्या यंत्रावर आणि गच्चीवर ताणलेल्या तारेवर. विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल असा मार्ग आजही उपलब्ध आहे. मात्र त्यातील पायऱ्यांचा क्रम चुकला की पैसा वाया जातो. बहुतेक नवोदित प्रथम यंत्र विकत घेतात, मग परीक्षेकडे वळतात आणि सर्वांत शेवटी अँटेनाचा विचार करतात. नेमका याच्या उलट क्रम हितावह ठरतो.

परीक्षा आणि परवाना

भारतात हौशी रेडिओचे नियमन केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागातील वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग ही शाखा करते. परीक्षेला बसण्यासाठी वयाची किमान मर्यादा १२ वर्षे आहे, म्हणजे सातवी-आठवीतील मुलांनाही हे दार खुले आहे. परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीत रेडिओचे मूलतत्त्व आणि नियम या दोन विषयांची लेखी परीक्षा असते, तर ‘जनरल’ श्रेणीत त्याशिवाय मोर्स संकेत पाठवण्याची व ऐकून उतरवण्याची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या श्रेणीच्या परवानाधारकाचे संकेतनाम सामान्यतः ‘व्हीयू३’ने, तर दुसऱ्या श्रेणीचे ‘व्हीयू२’ने सुरू होते. मूलतत्त्वाचा भाग दहावी-बारावीच्या भौतिकशास्त्राला लागूनच आहे. ओहमचा नियम, प्रत्यावर्ती प्रवाह, अनुनाद, डायोड व ट्रान्झिस्टर एवढे पक्के असले की निम्मे काम झाले असे समजावे.

परीक्षा आणि परवाना यांचे शासकीय शुल्क एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत. परवाना हाती येण्यास काही महिने लागू शकतात. तो येईपर्यंत प्रक्षेपण करणे हा कायद्याने गुन्हा आहे. ऑनलाइन बाजारात स्वस्त वॉकीटॉकी सहज मिळतात म्हणून त्या कोणालाही वापरता येतात असे नाही. चुकीच्या वारंवारतेवर दाबलेले एक बटण पोलीस वा विमानवाहतुकीच्या संदेशांत अडथळा आणू शकते.

श्रवणाचा काळ

परवान्याची वाट पाहण्याचा काळ ऐकण्यात घालवावा. यासाठी खर्च शून्यही असू शकतो. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कोणालाही विनामूल्य वापरता येतो आणि त्यावर युरोपातील हौशी संभाषणे ऐकू येतात. स्वतःच्या छतावरून ऐकायचे असेल, तर मुळात डिजिटल टीव्हीसाठी बनवलेली यूएसबी पट्टी संगणकाला जोडून तिचा सर्वपट्टी रिसीव्हर म्हणून उपयोग करता येतो. घरातील जुना लघुलहरी रेडिओ मात्र येथे अपुरा पडतो. हौशी संभाषणे बहुधा ‘सिंगल साइडबँड’ पद्धतीने होतात आणि साध्या रेडिओवर ती बदकाच्या ओरडण्यासारखी ऐकू येतात.

ऐकण्यातून संभाषणाची शिस्त कळते: संकेतनाम केव्हा सांगावे, दुसऱ्याचे बोलणे चालू असताना मध्ये कसे पडू नये, संदेशाची प्रत कशी सांगावी. हे पुस्तकातून येत नाही.

अँटेना

अल्प खर्चाच्या केंद्रात सर्वाधिक लक्ष येथे द्यावे. चांगल्या अँटेनावरील पाच वॅट वाईट अँटेनावरील शंभर वॅटला मागे टाकू शकतात, आणि सुदैवाने चांगली अँटेना हीच सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

अर्धतरंग द्विध्रुवाची, म्हणजे डायपोलची, मीटरमधील एकूण लांबी साधारणपणे १४२.५ भागिले मेगाहर्ट्‌झमधील वारंवारता इतकी असते. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ही लांबी सुमारे २० मीटर येते. म्हणजे घराच्या वायरिंगची तांब्याची तार प्रत्येकी १० मीटर लांबीच्या दोन तुकड्यांत कापावी, मध्ये व दोन्ही टोकांना पीव्हीसी नळीचे तुकडे विद्युतरोधक म्हणून लावावेत आणि मध्यबिंदूपासून केबल खाली आणावी. तार प्रथम थोडी लांबच ठेवावी व मापन करत टोकाकडून बोट-बोट कापत जावी. कापलेली तार पुन्हा जोडणे त्रासदायक असते. मोकळ्या अवकाशात डायपोलचा प्रतिबाध सुमारे ७३ ओहम असल्याने टीव्हीची ७५ ओहमची केबल येथे चांगली जुळते आणि ती कोणत्याही गावात मिळते.

दोन उंच आधार नसतील तर मधला बिंदू एका बांबूवर चढवून दोन्ही बाहू उतरते बांधावेत. उलट्या ‘व्ही’सारख्या दिसणाऱ्या या रचनेला एकच आधार पुरतो. दुमजली घराच्या गच्चीवरील तार फार उंच नसते, म्हणून खिन्न होण्याचे कारण नाही. कमी उंचीचा डायपोल बरीचशी ऊर्जा आकाशाकडे फेकतो. ती आयनांबरावरून परावर्तित होऊन काहीशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलण्यासाठी दिवसा हीच रचना सोयीची.

विजेच्या तारांच्या वर, खाली वा जवळून अँटेना कधीही नेऊ नये. वळवाच्या गडगडाटात केबल यंत्रापासून काढून घराबाहेर ठेवावी. येथे काटकसर करू नये.

यंत्र

रिस्ट्रिक्टेड परवाना हाती आल्यावर १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ पट्टीवरील हातात धरण्याचा संच काही हजार रुपयांत मिळतो. त्याच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे इमारतींच्या गर्दीत तो थोड्याच किलोमीटरपर्यंत पोहोचतो, पण सह्याद्रीच्या एखाद्या माथ्यावरून त्याचीच झेप कितीतरी पटींनी वाढते. संचासोबतची आखूड रबरी अँटेना काढून सुमारे ४९ सेंटिमीटरची पाव-तरंग तार बसवली, तरी फरक जाणवतो.

लघुलहरींवर यायचे तर स्वतः यंत्र जोडणे हा भारतीय परंपरेतील मानाचा मार्ग आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘बिटेक्स’ या यंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्यातील प्रवर्धक दोन्ही दिशांनी चालतात; त्यामुळे तेच मिश्रक व तोच स्फटिक-गाळक बोलताना आणि ऐकताना वापरला जातो व सुट्या भागांची संख्या घटते. परदेशी चुंबकीय कडी भारतात सहज मिळत नसत, म्हणून त्यांनी वेटोळी गुंडाळण्यासाठी चक्क नळाचे वॉशर वापरले. गाळकासाठी संगणकात लागणारे स्वस्त स्फटिक आणि अंतिम टप्प्यासाठी आयआरएफ५१० हा साधा मॉस्फेट पुरला. या घराण्यातील तयार मंडल ‘बिटेक्स४०’ आरंभी साठ डॉलरांच्या आत मिळत असे. पुढील ‘मायक्रोबिटेक्स’ ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ पट्टीत चालतो. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर व पुण्यात बुधवार पेठेत मिळतात. एकाच वारंवारतेचे डझनभर स्फटिक घेऊन त्यांतून जुळणारे चार निवडावेत. उरलेले दुसऱ्या मित्राच्या यंत्राला उपयोगी पडतात.

अल्पशक्तीचे गणित

पाच वॅट ऐकून अनेकांचा विरस होतो. शंभर वॅटशी तुलना करता हा फरक १३ डेसिबल आहे. संकेतमापकावरील एक अंश ६ डेसिबलचा मानला जातो. म्हणजे समोरच्याच्या मापकावरील काटा दोन अंशांहून किंचित अधिक खाली येतो, एवढेच. आवाज क्षीण वाटल्यास मोर्सचा आश्रय घ्यावा. अरुंद पट्टीमुळे मोर्स संकेत गोंगाटातूनही उमटतो आणि त्याचा प्रक्षेपक दोन-तीन ट्रान्झिस्टरांत तयार होतो. संगणक असल्यास ‘एफटी८’ ही पद्धती आहे. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर आणि स्टीव्हन फ्रँके यांनी ती २०१७ मध्ये प्रचारात आणली. तिचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. तिच्यात गप्पा होत नाहीत, केवळ संपर्काची नोंद होते, हे मात्र ध्यानात घ्यावे.

वीजपुरवठ्यासाठी मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी पुरते. जुन्या संगणकाचा वीजपुरवठा संचही चालतो, परंतु त्याचा खरखराट रिसीव्हरमध्ये शिरतो. बॅटरी शांत असते. वीज गेल्यावरही ती साथ देते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात आधीपासूनच प्रयोगासाठी गेलेल्या भारतीय हौशी प्रक्षेपकांनी पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीशी संपर्क राखला होता.

संपर्काची पुष्टी करणारी ‘क्यूएसएल’ पत्रे थेट टपालाने परदेशी पाठवणे आता महाग पडते. संघटनांच्या कार्ड-विनिमय केंद्रांमार्फत ती एकगठ्ठा जातात, आणि नुसती नोंद हवी असेल तर इंटरनेटवरील विनामूल्य नोंदवह्या तेच काम करतात.