उतारवयाची त्वचा आणि मर्दनयंत्र

फ्रान्समधील लुई-पॉल गिते या अभियंत्यास मोटार-अपघातात गंभीर दुखापत झाली, आणि जखमा भरल्यावर व्रणांची त्वचा आखडून राहू नये म्हणून त्याच्यावर जे उपचार सुरू झाले, त्यांत मर्दनाचा एक विशिष्ट प्रकार होता: अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत त्वचेची वळी उचलावयाची आणि ती सुटू न देता पुढे पुढे लोळवीत न्यावयाची. हे काम उपचारकाच्या हातांना थकविणारे, आणि हात थकला की दाबही बदलणार. तो एकसारखा राहील अशी काही तजवीज करता येईल काय, या विचारातून गिते याने १९८६ साली आपले यंत्र सिद्ध केले. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एलपीजी’ ही कंपनी ओळखली जाऊ लागली, आणि व्रणांच्या शुश्रूषेसाठी जन्मास आलेले हे यंत्र सौंदर्योपचारांच्या मुलखात शिरून अखेर सुरकुतलेल्या चेहऱ्यापर्यंत येऊन पोचले.

शरीरासाठीच्या यंत्रात फिरते रूळ असतात. चेहऱ्यासाठी हातात धरावयाचा भाग बेताचा असतो. त्याच्या मुखाशी दोन चिमुकल्या झडपा असतात, आणि आतील हवा ओढली जाताच त्वचेचा अल्पसा भाग त्यांच्यामध्ये उचलला जाऊन झडपांची जलद उघडझाप त्यास हलके ठोके देत राहते.

यामागील शास्त्र खरोखर मननीय आहे. त्वचेच्या मधल्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. त्वचेस बळकटी देणारे कोलॅजेन, लवचिकता देणारे इलॅस्टिन आणि ओलावा धरून ठेवणारे हायल्युरॉनिक आम्ल ही त्यांचीच निर्मिती. या पेशी कोलॅजेनच्या तंतूंना धरून ताणलेल्या अवस्थेत राहतात, आणि तो ताण हाच त्यांना कामाचा हुकूम असतो. वय वाढते, उन्हाचा मारा होतो, तंतू तुटू लागतात. मग आधार सुटलेल्या पेशी आकसतात, नवे कोलॅजेन कमी घडवितात, आणि असलेले तोडणारी विकरे मात्र अधिक स्रवू लागतात, म्हणजे झीजच पुढील झिजेस कारण होते. प्रयोगशाळेतील फायब्रोब्लास्ट बाहेरून दिलेल्या ताणास प्रतिसाद देतात, यात शंका नाही. दाब आणि ताण हीदेखील पेशीस कळणारी भाषा आहे, ही गोष्ट मला या सर्व प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते.

परंतु पेशीचा प्रतिसाद आणि आरशातील तारुण्य यांत अंतर फार आहे, आणि जाहिराती ते अंतर एका उडीत ओलांडतात, ही माझी तक्रार आहे. मर्दनाने रक्ताभिसरण वाढते, साचलेला द्रव वाहता होऊन सूज उतरते, चेहऱ्यास काही काळ तजेला येतो. खोल सुरकुती पुसणे किंवा ओघळलेली हनुवटी वर चढविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली या पद्धतीच्या शरीरावरील यंत्रास जी मान्यता दिली, तीदेखील सेल्युलाइटचे, म्हणजे चरबीमुळे त्वचेवर दिसणाऱ्या खळग्यांचे, स्वरूप तात्पुरते सुधारण्यापुरतीच होती. ज्या उन्हाने तंतू तुटतात त्यापासून रोज संरक्षण न करता केवळ यंत्रावर पैसा खर्च करणे मला गैर वाटते.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या त्वचेवर या ओढीने काळेनिळे वळ उमटू शकतात; चिघळलेली मुरुमे, त्वचेचा संसर्ग किंवा नुकतेच टोचलेले फिलर (सुरकुत्या भरणारे द्रव्य) असल्यास आधी त्वचारोगतज्ज्ञास विचारावे, आणि उपचार चालू असता वेदना झाली तर यंत्र तत्काळ थांबवावयास सांगावे.