एंजिनाचा शीतक द्रव : निवड रंगाने नव्हे, गुणाने

गोव्याहून चोर्ला घाट चढून बेळगावकडे येणाऱ्या मोटारीचे एंजिन वैशाखातील दुपारी किती तापत असते, याची कल्पना आत बसलेल्या प्रवाशास क्वचितच असते. वेग मंद, भार अधिक आणि समोरून मिळणारा वारा थोडा. सिलिंडरात इंधन जळताना उसळणाऱ्या ज्वालेचे तापमान २,००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. इंधनाच्या एकंदर उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश उष्णता शीतक द्रवास, म्हणजेच कूलंटला, रेडिएटरपर्यंत वाहून न्यावी लागते. हे कार्य खंडित झाले की हेड वाकते, गॅस्केट जाते आणि एंजिन मोठ्या खर्चाच्या दुरुस्तीला निघते.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा साधे पाणी का चालू नये, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारा दुसरा स्वस्त द्रव नाही, हे खरेच आहे. परंतु पाणी १०० अंशांना उकळते आणि धातूंना गंजवते. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यातील क्षारांचे पुटही आतून चढते आणि उष्णतेची वाट अडवते. जुन्या एंजिनांत ओतीव लोखंड व पितळ असे. आजच्या एंजिनांत हेड आणि रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. निरनिराळे धातू एकाच पाण्यात भिजू लागले म्हणजे झीज अधिकच त्वरेने होते.

म्हणूनच पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळतात. दोन्ही समप्रमाणात घेतल्यास मिश्रण सुमारे १०८ अंशांना उकळते. झाकणामुळे सुमारे एक वातावरण इतका जादा दाब राहिला, तर ही मर्यादा १२५ अंशांच्याही पुढे जाते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात हाच गुण उपयोगी पडतो. मात्र निव्वळ ग्लायकॉल भरणे ही चूक होय, कारण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

तथापि खरा भेद आहे तो गंजरोधक द्रव्यांत. जुन्या पद्धतीच्या द्रवातील सिलिकेटे धातूवर सर्वत्र पातळ थर चढवतात. हा साठा साधारणतः दोन वर्षांत संपतो. नव्या पद्धतीची सेंद्रिय आम्ले, जेथे गंज धरू लागतो तेथेच कार्य करतात, म्हणून ती पाच वर्षांपर्यंत टिकू शकतात. तिसरा प्रकार या दोहोंच्या संयोगाचा. अवजड डिझेल एंजिनांत सिलिंडरच्या लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडतात. ते टाळण्यासाठी निराळी द्रव्ये लागतात. सबब मोटारीचा द्रव मालट्रकला चालेलच, असे नाही.

हिरवा, तांबडा, निळा हे रंग केवळ घातलेले असतात; त्यांविषयी सर्वमान्य नियम नाही. दोन हिरवे द्रव भिन्न जातीचे असू शकतात. भिन्न जाती एकत्र झाल्यास संरक्षण क्षीण होते, क्वचित साकाही धरतो. म्हणून वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले विनिर्देश डब्यावर शोधावेत. भारतीय मानक ५७५९ चा उल्लेख आहे की नाही, तेही पाहावे. द्रव तयार मिश्रणाचा असेल तर त्यात पाणी घालू नये. अर्काचा असेल तर पुस्तिकेतील प्रमाणात, बॅटरीत घालतात तसले क्षारविरहित पाणी मिसळावे. वाटेत अडचणीपोटी साधे पाणी घालावे लागले, तर पुढे सर्व द्रव काढून, आतील भाग धुऊन नवा भरावा.

आणखी दोन गोष्टी विसरू नयेत. एंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये; दाबाखालील वाफेने हातातोंडास गंभीर भाजते. तसेच ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. काढलेला द्रव अंगणात किंवा गटारात न ओतता मुले व जनावरे पोहोचणार नाहीत, अशा बंद भांड्यात ठेवून कारखान्यात परत द्यावा. पुस्तिकेचे एक पान वाचण्याचा आळस घाटाच्या मध्यावर फार महाग पडतो.