दोन बेटे आणि डिझेलची काजळी

चहूकडे समुद्र, खारे वारे, मग धूर टिकणार कुठे? बेटांच्या हवेबद्दलची ही भाबडी समजूत ब्रिटन आणि जपानने गेल्या सत्तर वर्षांत पार मोडीत काढली आहे.

५ डिसेंबर १९५२ रोजी लंडनवर थंड हवा बसली ती पाच दिवस हलली नाही. वर उबदार हवेचे झाकण, खाली घरोघरच्या शेगड्यांतला निकृष्ट कोळसा. चांगला कोळसा परकीय चलनासाठी निर्यात होत होता. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुके थेट सभागृहात शिरले आणि ‘ला त्राविआता’ या ऑपेराचा प्रयोग थांबवावा लागला. पशुप्रदर्शनाला आणलेली काही जनावरे धापा टाकत मेली. सुमारे ४,००० माणसे दगावली. पुढच्या महिन्यांतल्या जादा मृत्यूंचे खापर सरकारने फ्लूवर फोडले. अर्धशतकानंतरच्या फेरतपासणीत हाच आकडा १२,००० च्या घरात गेला. १९५६ चा स्वच्छ हवा कायदा या दट्ट्यामुळे आला.

जपानची कहाणी शेगडीतून नव्हे, कारखान्यांतून सुरू होते. योक्काइची बंदरातल्या पेट्रोरसायन संकुलाच्या गंधकयुक्त धुरामुळे आसपासच्या वस्तीला दम्याने गाठले. १९६७ मध्ये नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांना कोर्टात खेचले आणि २४ जुलै १९७२ रोजी ते जिंकले. पुढच्याच वर्षी कायदा झाला: ज्याच्या धुरांड्यातून गंधक जास्त, त्याच्याकडून वसुली जास्त, आणि त्या पैशातून रुग्णांचे उपचार. कोणाला नेमका कोणाच्या धुराने दमा झाला, हे सिद्ध करण्याचे ओझे रुग्णावरून उतरले. ब्रिटनला हे कधी सुचले नाही.

या काळातल्या सूक्ष्म कणांची तुलना आकड्यांत मांडणे मात्र अवघड. तेव्हा ब्रिटनमध्ये पांढऱ्या गाळणकागदातून हवा ओढून तो किती काळवंडला ते पाहत. जपानने १९७३ मध्ये १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी मानक ठरवले. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणाऱ्या २.५ मायक्रॉनखालच्या कणांचा वेगळा हिशेब दोघांपैकी कोणीच ठेवत नव्हते.

खरी फारकत झाली ती डिझेलवर. १९९९ मध्ये टोकियोचे गव्हर्नर शिंतारो इशिहारा पत्रकारांसमोर काजळी भरलेली प्लास्टिकची बाटली हलवून दाखवू लागले. त्यांचे बाकीचे राजकारण कितीही वादग्रस्त असो, या एका बाटलीने काम केले. ऑक्टोबर २००३ पासून टोकियो आणि शेजारच्या तीन प्रांतांत मानकात न बसणाऱ्या डिझेल ट्रक आणि बसना बंदी झाली. जुन्या गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर बसवा, नाहीतर गाडी बदला. नेमक्या त्याच सुमारास, २००१ पासून, ब्रिटनने मोटारींचा कर कार्बन डायऑक्साइडवर ठरवायला घेतला. कमी कार्बन सोडते म्हणून डिझेल गाडी स्वस्त पडू लागली आणि दहा वर्षांत नव्या मोटारींपैकी निम्म्या डिझेलच्या झाल्या. हवामान वाचवायला निघालेल्या धोरणाने रस्त्याकडेच्या माणसाचा श्वास गहाण टाकला, असे माझे मत आहे. जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून शुल्क घेणारे लंडनचे अतिकमी उत्सर्जन क्षेत्र आले २०१९ मध्ये, आणि सगळ्या शहराला लागू व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडले.

२००९ मध्ये जपानने पीएम २.५, म्हणजे याच २.५ मायक्रॉनखालच्या कणांसाठी, वर्षाला सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा घातली. (त्याच वर्षी भारताने घातली ४०.) २०१३ च्या जानेवारीत बीजिंग धुरक्यात बुडाले, तो धूर समुद्र ओलांडून येणार म्हणून पश्चिम जपानमध्ये घबराट उडाली आणि ‘पीएम २.५’ हा शब्द घराघरात गेला. त्या आर्थिक वर्षात जपानच्या हवा मोजणाऱ्या सर्वसाधारण केंद्रांपैकी जेमतेम १६ टक्के मानकात बसली होती, २०२१ मध्ये सगळी बसली. यात चीननेही आपला धूर आवरला, हे विसरून चालणार नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्येच लंडनच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा दम्याने गेली. तिच्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची अधिकृत नोंद व्हायला डिसेंबर २०२० उजाडला.

आज दोन्ही देशांची पीएम २.५ ची वार्षिक सरासरी १० मायक्रोग्रॅमच्या आत-बाहेर आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते. इंग्लंडने १० चे लक्ष्य २०४० सालासाठी ठेवले आहे. दरम्यान तिथल्या सूक्ष्म कणांचा मोठा वाटा पुन्हा घरातल्याच आगीचा झाला आहे: या वेळी लाकडाच्या शेगड्या, आणि त्याही बऱ्याचदा ज्यांच्या घरी गॅसची उष्णता आधीच आहे अशा सुखवस्तूंच्या दिवाणखान्यातल्या.